उद्या मॅच हाय काय?

कोल्हापुरात बर्फाची लादी आजवर ठरलेल्या ठिकाणी जायची. मासळीवाल्याकडं, उसाच्या रसाच्या गाड्यावर, मे महिन्यातल्या लग्नात थंड पेयांच्या टबात. आणि कुणाची लेक लांबून यायची असेल, तर तिच्यासाठी माती थांबवलेल्या घरात. आता ती जिममध्येही जाते. पोत्यात गुंडाळलेली, टेम्पोतून पाणी ठिबकत, दुपारी चारच्या सुमाराला, म्हणजे संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत. वर गच्चीवर नेऊन फोडायची आणि टबात ओतायची. शेजारी भिंतीवर बोर्ड: ‘आईस बाथ – रिकव्हरी झोन’. याचे पैसे महिन्याच्या फीत धरलेले नाहीत, हे त्याखाली बारीक अक्षरात.

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टरांनी थोडी वजनं उचला म्हणून सांगितलं, म्हणून जिम. सासरे जुने पैलवान (त्यांच्यावर पुढं येतेच), त्यामुळं सून संध्याकाळी लोखंड उचलायला जाते याला घरात कुणी नाक मुरडलं नाही. बर्फाचं मला पहिल्या दिवसापासून कुतूहल होतं, पण ते शरीराचं कमी आणि उष्णतेच्या गणिताचं जास्त.

टब साधारण ३०० लिटरचा. उन्हाळ्यात आपल्याकडं टाकीतलं पाणी धरा २८ अंश. ते १२ अंशांवर आणायचं तर त्यातून ४,८०० किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी ओढून घेतो, आणि त्याचं झालेलं पाणी १२ अंशांपर्यंत येताना आणखी १२. झाले ९२. करा भागाकार: ५२ किलो बर्फ. हा नुसत्या पाण्याचा हिशोब; वरचा पत्रा तापलेला आणि आत घामेजलेली माणसं एकामागून एक उतरतायत, ते वेगळंच. आणि १० किलोत भागवायचं म्हटलं तर? पाणी साडेचोवीस अंशांवर येऊन थांबतं. त्याला आंघोळ म्हणतात. हे गणित मी बारावीच्या वर्गात घातलं आणि पोरांनी कधी नव्हे ती सुप्त उष्णता मन लावून सोडवली.

पहिल्यांदा टब बघायला गच्चीवर गेले तेव्हा ट्रेनर छातीठोकपणे म्हणाला, ‘चार डिग्री असंल बघा मॅडम.’ प्रयोगशाळेतला थर्मामीटर माझ्या पर्समध्ये होता. १८. ‘तुमचा थर्मामीटर बिघडलाय,’ ट्रेनर. पुढं मालकांनी अख्खी लादी मागवायला सुरुवात केली, तेव्हा कुठं पारा १३ पर्यंत उतरला. आणि तेवढं पुष्कळ झालं. या विषयावरच्या बहुतेक अभ्यासांत पाणी १० ते १५ अंशांचं असतं आणि माणूस १० ते १५ मिनिटं आत बसतो. चार अंशांची गरज फक्त रीलला असते.

फोडलेल्या बर्फाला फिकट निळी झाक होती. खाण्याजोगा नसलेला बर्फ निळसर करूनच विकायचा, असा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला. सरबतवाल्यांनी कारखान्यातला बर्फ गिऱ्हाइकाच्या पोटात घालू नये म्हणून. नियम सरबतासाठी केला आणि त्याचा मान राखला जिमनं, असं म्हणायला हरकत नाही.

उतरताना घोट्यापर्यंत काही वाटत नाही. पोटऱ्या बुडाल्या की बोलणं बंद होतं. पाणी कमरेच्या वर आलं की श्वास आपण घेत नाही, तो आत ओढला जातो, एकदम, आ वासून. त्याच्या पाठोपाठ दुसरा, तिसरा. कातडी झपाट्यानं गार पडली की शरीर हे सगळं आपल्याला न विचारता करतं. श्वास वाढतो, नाडी पळायला लागते, रक्तदाब चढतो. पहिलं अर्धं मिनिट सगळ्यांत वाईट, मग दोन-तीन मिनिटांत ओसरतं. असल्या पाण्यात उडी मारू नये, डोकं बुडवू नये, ते याचसाठी. तो पहिला आचका पाण्याखाली बसला तर पाणी थेट फुप्फुसात.

माझी मैत्रीण काठावर टॉवेल घेऊन बसली होती. ‘मी न्हाई उतरत बाई. तू जा, मी हितं बसून टाइम बघतो.’

आत हललं नाही तर जरा सुसह्य होतं. कातडीला लागून पाण्याचा एक पातळ थर असतो, तो आपल्याच उबेनं कोमट होतो. ट्रेनरनं हात घालून पाणी ढवळलं की तो थर मोडला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पाणी हवेपेक्षा जवळजवळ २५ पट चांगलं उष्णतावाहक. म्हणून १३ अंशांच्या हवेत आपण स्वेटर घालून रंकाळ्यावर गप्पा मारत फिरतो आणि १३ अंशांच्या पाण्यात पाच मिनिटांत पायाची बोटं ठणकायला लागतात. पुढं तीही बधिर होतात आणि माणूस उगाच शूर होतो. याच वेळी घड्याळ बघणारं कुणीतरी बाहेर हवं.

बाहेर आलं की सगळ्या अंगाला अमृतांजन चोळल्यासारखं वाटतं. कातडी लाल, डोकं लख्ख. खरी हुडहुडी भरते ती नंतर, टॉवेल गुंडाळून चहा घेताना. कारण पाण्याबाहेर आलं तरी शरीराचं आतलं तापमान थोडा वेळ उतरतच असतं. पण खोटं कशाला बोलू, छान वाटतं. माझ्या वयाच्या बाईला, जिला पंखा पाचवर असताना मध्यरात्री घाम फुटतो, तिला तर फारच छान वाटतं.

या छान वाटण्याला कारण आहे. थंडीच्या धक्क्यानं रक्तात नॉरॲड्रेनलिन वाढतं, माणूस तरतरीत होतो. रीलवाले इथं एक आकडा हमखास सांगतात: डोपामिन, म्हणजे माणसाला उमेद देणारं म्हणतात ते रसायन, २५० टक्क्यांनी वाढतं. आकडा खरा आहे. तो आला २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासातून. मूठभर तरुण पुरुषांना १४ अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसवलं होतं, किती वेळ? एक तास. रीलमधला दोन मिनिटांत बाहेर पडून दंड दाखवतो आणि आकडा तासाभराचा सांगतो. दूध पावशेर घ्यायचं आणि फॅट म्हशीचं लावायचं, हे आमच्या गंगावेशीत चालणार नाही.

आता मूळ प्रश्न. छान वाटतं हे मान्य, पण त्यानं स्नायू लवकर भरून येतात का? ‘रिकव्हरी’ होते का?

जुलैत पन्हाळ्यावरून पावनखिंडीला चालत जाणाऱ्या पोरांना विचारा. चढताना दम लागतो, पण पाय जातात ते उतरताना. उतारावर मांडीचा स्नायू लांबत असतानाच अंगाचं वजन झेलत असतो. असल्या कामात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, मग शरीर तिथं दुरुस्तीला लागतं, थोडी सूज येते, आणि दुखणं त्या दिवशी न येता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतं. २४ ते ७२ तास. संडासला बसताना आई आठवते ती त्या दिवशी. जिममध्ये वजन हळूहळू खाली सोडतानाही हेच होतं. जिमजिममध्ये सांगतात ते लॅक्टिक ॲसिड या प्रकरणात निर्दोष आहे. व्यायाम थांबल्यावर तासाभरात ते रक्तातून गेलेलं असतं, दुसऱ्या दिवशी दुखवायला थांबत नाही. पण ‘बर्फानं लॅक्टिक ॲसिड बाहेर पडतं’ हे वाक्य इतकं पाठ झालंय की आमच्या ट्रेनरला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं मान डोलावली आणि पुढच्या मेंबरला तेच सांगितलं.

बर्फ काय करतो? रक्तवाहिन्या आकसतात, कातडीकडचा आणि स्नायूंकडचा रक्तपुरवठा कमी होतो, मज्जातंतूंचा संदेश मंदावतो, दुखणं कमी जाणवतं. पाण्याच्या दाबाचाही थोडा हात असतो. २०१२ मध्ये कोक्रेन या, वैद्यकीय चाचण्या गोळा करून तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात १७ छोट्या चाचण्या, मिळून ३६६ माणसं, एकत्र तपासली होती. निष्कर्ष असा की नुसतं बसून राहणाऱ्यांपेक्षा थंड पाण्यात बसणाऱ्यांचं नंतरच्या दिवसांतलं दुखणं कमी असतं. म्हणजे बोर्ड अगदीच खोटा नाही.

पण या चाचण्यांत एक अडचण आहे आणि ती मला शिक्षिका म्हणून फार आवडते. आपण बर्फात बसलोय हे बसणाऱ्याला कळतंच! साखरेची गोळी देऊन फसवता येतं, कोमट पाणी देऊन बर्फ आहे असं कसं सांगणार? ऑस्ट्रेलियातल्या काही संशोधकांनी २०१४ मध्ये यावर युक्ती काढली. ३० तरुणांचे तीन गट. एक थंड पाण्यात, एक कोमट पाण्यात, आणि तिसराही कोमट पाण्यातच. फक्त त्या पाण्यात त्यांच्या डोळ्यांदेखत ‘रिकव्हरी ऑइल’ ओतलं आणि हे बर्फाइतकंच गुणकारी आहे म्हणून नीट समजावून सांगितलं. ते ऑइल म्हणजे अंग धुवायचा द्रव साबण होता. पुढचे दोन दिवस पायांची ताकद मोजली, तर साबणवाले बर्फवाल्यांच्या बरोबरीला. नुसतं कोमट पाणी मिळालेले मागं. ट्रेनरला हे सांगितलं तर म्हणाला, ‘मग मॅडम, साबण स्वस्त पडंल की.’ त्याचं डोकं चालतं, फक्त लॅक्टिक ॲसिडच्या बाबतीत चालत नाही.

ज्यांना दंड भरायचेत, मांड्या भरायच्यात, त्यांच्यासाठी गोष्ट आणखी वाईट आहे. २०१५ मध्ये, पुन्हा ऑस्ट्रेलियातच, २१ तरुणांनी बारा आठवडे वजनं उचलली. निम्मे व्यायामानंतर दहा मिनिटं १० अंशांच्या पाण्यात बसायचे, निम्मे हळूहळू सायकल मारायचे. बारा आठवड्यांनी सायकलवाल्यांचे स्नायू जास्त वाढले आणि ताकदही. म्हणजे पैसे देऊन, हुडहुडी सोसून, मेहनतीवर अक्षरशः पाणी. २०२० मध्ये नेदरलँड्समध्ये आणखी नेमका प्रयोग झाला. बारा तरुण, वजनं दोन्ही पायांनी, आणि नंतर एकाच माणसाचा एक पाय ८ अंशांच्या पाण्यात, दुसरा ३० अंशांच्या. खाणं एक, झोप एक, आईबाप एक. फरक फक्त पाण्याचा. गार ठेवलेल्या पायात नवीन स्नायू-प्रथिनं कमी वेगानं तयार झाली. या प्रथिनांच्या बांधकामातूनच स्नायू जाड होतो. बांधकामवाल्यांनाच गारठवून बसवलं तर ते काम कसं करणार?

दुखऱ्या जागी विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं, हा ‘RICE’ नावाचा चार अक्षरी मंत्र १९७८ मध्ये देणारे अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनीच २०१४ मध्ये जाहीरपणे लिहिलं, की बर्फानं बरं व्हायला उशीर होऊ शकतो. मंत्र अजून सगळीकडं चालू आहे. मंत्रांचं तसंच असतं.

जाता जाता: वर सांगितलेले साबणाचा, सायकलचा आणि दोन पायांचा, तिन्ही प्रयोग तरुण पुरुषांवर. डोपामिनवालाही. चाळिशी ओलांडलेल्या बाईचं काय, याचं उत्तर त्यातून काढायचं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा ब्लाउज. जिममध्ये मात्र टबाची जाहिरात सगळ्यांना सारखीच.

हे सगळं मी जेवताना घरात सांगत होते. आबा, म्हणजे सासरे, भाकरी चुरत ऐकत होते. ऐंशीच्या पुढं वय, एक कान मोडलेला, आणि तो कुणी बघत असेल तर ती बाजू पुढं करून बसायची सवय. शिवाजी पेठेतल्या तालमीत त्यांची तरुणपणाची वर्षं गेली. खासबागेत, शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधून घेतलेल्या त्या मैदानात, त्यांची एकच कुस्ती झाली आणि ती बरोबरीत सुटली. ती सांगताना दरवर्षी त्यात एखादा डाव वाढतो.

‘घामाच्या अंगानं पाणी न्हाई घ्याचं,’ आबा म्हणाले. ‘वस्ताद मारायचं. घाम अंगातच जिरवायचा.’

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आधीही ऐकलं होतं, पण या कानांनी नव्हे. लढत संपली की पोरं लगेच हौद्याबाहेर, म्हणजे आखाड्यातल्या मातीबाहेर, पडायची नाहीत. एकमेकांच्या अंगावर माती टाकायची, पाठीला, मानेला, मांड्यांना, घाम टिपून घेईपर्यंत. ती माती म्हणजे ताक, हळद, लिंबू, तेल घालून मुरवलेली, फावड्यानं रोज उकरून मऊ केलेली. त्यातच थोडं पडून राहायचं. मग धाकट्या पैलवानांनी थोरल्यांचं अंग रगडायचं. पायानं मांड्यांवर उभं राहून तुडवायचं सुद्धा. अंग पुरतं निवलं की मागच्या आडावर आंघोळ. मग थंडाई. कुंडीत बदाम, खसखस, बडीशेप, काळी मिरी टाकून लाकडी दांड्यानं घोटत बसायचं, दांडा दोन्ही हातांत धरून, बदामाला तेल सुटेपर्यंत. आबा म्हणतात, थंडाई घोटून जेवढे खांदे भरले तेवढे जोर मारून भरले नाहीत. त्यावर दूध, जेवण, आणि जेवणावर झोप. दुपारी दोन-अडीच तास तालमीत चिटपाखरू जागं नसायचं.

‘बघा, आपल्या जुन्या लोकांना सगळं माहीत होतं’ असं म्हणायची संधी इथं चालून येते, आणि फेसबुकवर या वाक्याला हजार लाइक पडतात. मी म्हणणार नाही. त्याच वस्तादांनी मेहनत चालू असताना पोरांना पाण्याचा घोट घेऊ दिला नाही, आबाच सांगतात. कान सुजला तर तो पैलवानाचा दागिना म्हणून तसाच सोडून दिला. गार पाण्यानं ‘अंग आखडतं’ म्हणणं आणि स्नायू-प्रथिनं मोजणं यात फार अंतर आहे. वस्ताद एका बाबतीत बरोबर निघाले, एवढंच.

मला त्या वर्णनात अडकवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. त्या पोरांकडं वेळ होता. सकाळी मेहनत, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा लढत; मधले तास अंगासाठीच राखलेले. आमच्या जिममध्ये संध्याकाळी सातला येणारा मुलगा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात शिफ्ट करून येतो, साडेआठला रस्त्यावर काहीतरी खातो, रात्री एकपर्यंत मोबाइल बघतो आणि सहाला उठतो. त्याला न मिळालेली झोप दहा मिनिटांच्या टबात भरून काढून देतो, असं तो बोर्ड त्याला सांगत असतो. मालकांचंही मी समजू शकते. ‘लवकर झोपा’ याचं पॅकेज कसं काढणार? आणि टबाभोवती दोस्त जमतात, कोण किती वेळ बसतो यावर पैजा लागतात, शिट्ट्या वाजतात. दिवसभरात त्या पोरांनी केलेली तेवढीच मजा असेल तर मी कशाला आड येऊ? मजा म्हणून करा. वजनं उचलल्या उचलल्या नका करू, एवढंच. दुसऱ्या वेळेला, सुट्टीच्या दिवशी करा.

मग हा टब कुणासाठी? ज्याला उद्या पुन्हा उतरायचंय त्याच्यासाठी.

१९५२, हेलसिंकी. खाशाबा जाधव आपल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. त्यांना पाठवण्यासाठी प्राचार्यांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही माहीत असतं. त्यापुढचं कमी जण सांगतात. जपानच्या शोहाची इशीबरोबरची त्यांची कुस्ती लांबली आणि ते हरले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यायचा नियम होता. पण लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवसमोर उभं केलं, आणि नियमावर बोट ठेवायला तिथं एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. दमलेल्या अंगानं ते ती कुस्ती हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य; स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मला दरवेळी त्या अर्ध्या तासाचा राग येतो. खेळाडूला त्या वेळी पुढच्या तीन महिन्यांत स्नायू किती भरतील याच्याशी घेणंदेणं नसतं. त्याला पुढच्या लढतीपर्यंत पाय आपले वाटायला हवे असतात.

माझा पुतण्या पेठेतल्या संघातून फुटबॉल खेळतो. बाहेरच्यांना हे सांगावं लागतं की कोल्हापुरात तालीम म्हणजे फक्त कुस्ती नव्हे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, ही नावं शाहू स्टेडियमवर ऐकायची असतात, हजारो माणसांच्या ईर्षेसकट. हंगाम रंगात आला की एका स्पर्धेचा शेवट आणि दुसरीची सुरुवात यांत श्वास घ्यायला जागा नसते, आणि मैदान असतं उन्हानं दगड झालेलं. सेमी-फायनल आणि फायनल लागोपाठ आल्या तर मधली रात्र तेवढी हाताशी. अशा वेळी दहा-बारा मिनिटं गार पाणी, कोरडे कपडे, पोटभर जेवण आणि झोप, यात मला काहीच खोट दिसत नाही. दुखणं थोडं कमी झालं, निदान कमी झालंसं वाटलं, तरी दुसऱ्या दिवशी पोरगा हेडिंगला उडी मारतो. साबणाचा प्रयोग त्याला मी मुद्दाम सांगितलेला नाही. हंगाम संपला की सांगेन.

पुतण्यानं आणि त्याच्या दोस्तांनी जिमचा टब परवडत नाही म्हणून आमच्या परड्यात सोय करायची ठरवली. उद्यमनगरातून एक निळा ड्रम आला. त्यात आधी काय होतं विचारलं तर म्हणाले, ‘काकी, धुतलाय की सगळा.’ झाकणावर केमिकलचं लेबल तसंच होतं. तो आल्या पावली परत गेला आणि माळ्यावरची जुनी पाण्याची टाकी वरून कापून घेतली. बसायच्या आधी अंगावरचा घाम आणि माती नळाखाली धुवायची, ही माझी अट. कारण अकरा जणांच्या पायांचं पाणी चार दिवस तसंच ठेवून त्यात बसायचं, हे मी पैसे घेणाऱ्या ठिकाणीही बघितलंय. दुसरी अट, एकट्यानं उतरायचं नाही. तिसरी, घरातल्या मोठ्यांनी फुशारकी मारायची नाही. माझ्या नवऱ्याला बीपीची गोळी चालू आहे आणि ‘मी पण दोन मिनिटं’ म्हणत तो बनियन काढायला लागला होता. रक्तदाब वाढलेल्यांनी, हृदयाचा त्रास असलेल्यांनी, मधुमेहानं पायांची जाणीव गेलेल्यांनी, थंडीत बोटं पांढरी पडतात त्यांनी आणि गरोदर बायांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. पहिल्या अर्ध्या मिनिटातला तो रक्तदाब तरुण पोराला सोसतो. प्रत्येकाला सोसेलच असं नाही.

सेमी-फायनलच्या संध्याकाळी परड्यात जत्रा. आबा खुर्ची टाकून बसलेले, मोडका कान लोकांकडं करून. टाकीत एकेक जण दहा मिनिटं, मी घड्याळ आणि थर्मामीटर घेऊन. रांगेत शेजारच्या गल्लीतला एक जिमवाला पोरगाही शिरला, त्याचे दंड संघातल्या सगळ्यांपेक्षा मोठे. आबांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

‘तुझी उद्या मॅच हाय काय?’

‘न्हाई आबा. आज चेस्ट मारलीय.’

‘मग हो बाजूला. बर्फ कशाला इतळवतोयस.’

तो हसत बाजूला झाला, पण जाताना एक खडा उचलून चोखायला लागला, आणि मला ओरडून सांगावं लागलं की तो निळा आहे, टाक तोंडातून. मग पैशांवर आलं. लादीचे पैसे सगळ्यांत सारखे वाटायचे ठरले होते. गोलकीपरचं म्हणणं, आपण मॅचभर उभेच होतो, टाकीत पाचच मिनिटं बसलो, आपण अर्धेच देणार. बॅकचं म्हणणं, तू उभाच होतास म्हणून तर दोन गोल खाल्ले, तू दुप्पट द्यायचे. बर्फवाला टेम्पो चालू ठेवून गेटाशी हॉर्न वाजवत होता. शेवटी आबांनी बंडीच्या खिशातून नोटा काढल्या, मोजल्या आणि गोलकीपरचे तेवढे परत खिशात ठेवले.